आमच्या वस्तीनं दाबलेली जाहिरात

माझी नात नोकरी करते, हे आमच्या घरात बरेच दिवस कुणाला मान्यच नव्हतं. परतूरजवळच्या आमच्या गावात, माडीवरच्या खोलीत, खुर्चीवर उशी टाकून ती बसते आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. ही कंपनी दुसऱ्यांच्या अॅपच्या जाहिराती मोबाइलवर लावते. सकाळी नात दार लावून घेते, दुपारी जेवायला खाली येते, पुन्हा वर जाते. यात न समजण्यासारखं काय आहे? पण माझ्या मुलाला, म्हणजे तिच्या बापाला, नोकरी म्हटलं की डबा घेऊन बाहेर पडणारं आणि दमून घरी येणारं माणूसच दिसतं. तो स्वतः परतूरच्या मोंढ्यात अडत्याकडे कामाला आहे. कापसाच्या दिवसांत घरी येतो तेव्हा त्याच्या भुवयांवरसुद्धा कापूस असतो. असा माणूस लेकीकडे बघून म्हणायचा, ही तर दिवसभर मोबाइल बघून राह्यली.

त्यात शहागडचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं, हायवेला लागून जागा. फक्त त्यांचं म्हणणं, मोबाइलवरचं काम लग्नानंतर कशाला. नातीला हे पटलं नाही. तिनं बापाला सांगितलं, काम सोडायला सांगणाऱ्या घरी मी जाणार नाही. चार दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलेना. शेवटी मुलानं निकाल दिला. म्हणाला, जोवर कंपनी ठेवती तोवर कर. पण एकदा का कंपनीनं काढलं, तर दुसरं शोधायचं न्हाई, मी शहागडला होकार कळवणार. नात म्हणाली, कबूल. तिला स्वतःच्या कामाचा भरवसा होता.

तिला आज्जीचा भरवसा धरायला नको होता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. पोरांना शिकवण्यात हयात गेली, पण सवय अशी लागली की एखादा शब्द कळला नाही तर मला जेवण गोड लागत नाही. आणि माडीवरून तर शब्दांचा पाऊस. इंप्रेशन, रीच, क्लिक, इन्स्टॉल, रिटेन्शन. एक दिवस मी पायऱ्या चढून गेले, तिच्यासमोर मांडी घातली आणि म्हटलं, बाई, मला हे सगळं सांग. न्हाईतर मी वर येऊन रोज अशीच बसणार. तिनं धमकी खरी मानली.

तिनं आधी इंग्रजी पुस्तकातल्यासारखं सांगायला सुरुवात केली. मी तिला थांबवलं. म्हटलं, थांब, हे मला माझ्या सासूनं शिकवून ठेवलंय.

आमच्याकडे कार्य असलं की आवतन द्यायला घरची सून जाते. पत्रिका अलीकडच्या. आवतन म्हणजे दारोदार जाऊन तोंडानं सांगायचं की आज आमच्याकडं जेवायला या. नुसतं आवतन असेल तर घरटी एक माणूस येतं. चुलीला आवतन असेल तर त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही, झाडून सगळ्यांनी यायचं. एवढ्यानं भागत नाही. पानं मांडायच्या वेळी पुन्हा एक फेरी मारायची, त्याला बोलावणं म्हणतात. सकाळच्या आवतनावर विसंबून कुणी पंगतीला येऊन बसत नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा वस्तीतली पहिली मॅट्रिक झालेली सून. काय तो तोरा त्या बाईचा. आज ती मला रस्त्यात भेटली तर मी ओळख देणार नाही. सासूनं तिला दिराच्या साखरपुड्याचं आवतन द्यायला पाठवलं. हिला वाटलं, आपण शिकलेल्या, दारोदार काय म्हणून हिंडायचं? ही गेली ती थेट विहाराच्या ओट्यावर चढली, पदर खोचला आणि पंधरा ऑगस्टचं भाषण ठोकावं तसं आवतन जाहीर करून मोकळी झाली. घरी येऊन सासूला म्हणाली, आत्याबाई, सगळ्या वस्तीला सांगितलं.

सासू भाकरी थापत होत्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. कुणाच्या कानावर गेलं, कोण दाराबाहेर आलं, येते म्हणून कोण बोललं, एवढंच त्यांनी विचारलं. ओट्यावर त्या वेळी दोन शेळ्या होत्या, त्यांनी ऐकलं असावं. मग सासूंनी मला पुन्हा पाठवलं, प्रत्येक दारात, आणि प्रत्येक दारातून काय उत्तर आलं ते येऊन सांगायला लावलं.

नात हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. म्हणाली, आज्जी, तुझी इंप्रेशन झाली, क्लिक एक पण न्हाई. आणि मग तिचे सगळे शब्द माझ्या वस्तीतून चालू लागले. जाहिरात डोळ्यांसमोरून गेली, की इंप्रेशन. आवाज कानावर पडला तसं. वेगवेगळी माणसं किती, तो रीच. एकाच माणसाला किती वेळा दिसली, ती फ्रिक्वेन्सी. फार झाली की माणूस वैतागतं, सारखंसारखं बोलावणं आलं तर वैतागतं तसं. एखादी दार उघडून बाहेर आली, तो क्लिक. ज्यांना दिसली त्यांतल्या कितीजणींनी दार उघडलं, तो सीटीआर. आत येऊन बसली, ते इन्स्टॉल. जेवली, ते कन्व्हर्जन. पुढच्या कार्यालाही आली, तर रिटेन्शन. दारातूनच परत फिरली आणि पुन्हा फिरकली नाही, तर तिला म्हणतात चर्न. आणि मुळात आवतन कुणाला द्यायचं, कुणाला नाही, हे ठरवायचं त्याला टार्गेटिंग. यावर मी म्हटलं, हे तर गाव आमच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या करत आलं, फक्त त्याचं नाव आम्हाला माहीत नव्हतं.

थंडीच्या तोंडावर तिच्याकडे एका नव्या अॅपचं काम आलं. लहान बाळांचे कपडे, दुपटी, तेलं विकणारं अॅप. जाहिरात मराठवाड्यातल्या तरण्या बायकांसाठी होती आणि ती सगळी नातीच्या हवाली केलेली. पहिलं मोठं काम. काही दिवसांनी ती जेवताना गप्प दिसू लागली. मी विचारलं तर म्हणाली, लोकं बघून राह्यले, पण इन्स्टॉलच करीना गेले. तिचा बाप समोर जेवत होता. त्यानं भाजी जरा जास्त वाढून घेतली, त्याच्या मनात काय आलं ते कळायला मला तेवढं पुरलं.

आता आमच्या वस्तीची एक रीत सांगते, म्हणजे मी पुढं काय केलं ते कळेल. आपल्या माणसाच्या घरची पंगत रिकामी दिसू द्यायची नाही. भूक असो नसो, जाऊन बसायचं. एक घास मोडून उठलं तरी चालेल, पण पाहुण्यांना पानं मोकळी दिसली तर ती सगळ्या वस्तीची शोभा. मला वाटलं, पोरीची पंगत रिकामी पडलीय आणि आपण हातावर हात ठेवून बसलोय. ओट्यावरून भाषण करणारी ती मॅट्रिक बाई आता शहाणी झाली होती. या वेळी मी दारोदार गेले.

सुनेच्या मोबाइलवर ती जाहिरात दिसली होती, तिथून लिंक पाठवायची सोय होती. मी ती सगळ्या बायकांना पाठवायला लावली आणि प्रत्येक दारात जाऊन सांगितलं की आपल्या पोरीचं काम हाय, दाबा. चुलीला आवतन दिलं, म्हणजे घरात जितके मोबाइल तितके. कुणी काही विचारलं नाही. माझी धाकटी जाऊ तर मागच्या महिन्यात मोतीबिंदू काढून घरी आलेली; तिनं काळा चष्मा कपाळावर सरकवून आधी स्वतःचा, मग दिरांचा मोबाइल दाबला. दुपारनंतर आम्ही सगळ्या विहाराच्या ओट्यावर चहा घेत बसलो. मोठं काम उरकल्यासारखं वाटत होतं.

अडचण एकच आली होती. अॅप उघडलं की ते पहिल्यांदा विचारत होतं, बाळ कधी होणार आहे? तारीख टाकल्याशिवाय पुढं सरकायला तयार नाही. आमच्यातल्या बहुतेक जणी नातवंडांना शाळेत सोडून आलेल्या. कुणी म्हणालं, आता कुठली तारीख टाकायची? जाऊ म्हणाली, जी पाठ असल ती टाका. तेव्हा सगळ्यांनी चौदा एप्रिल टाकली. आमच्याकडं एखादीला स्वतःचा वाढदिवस सांगता येणार नाही, पण जयंतीची तारीख कुणी विसरत नाही.

दोन दिवस वस्तीत मजाच मजा झाली. अॅप प्रत्येकीला सकाळी निरोप पाठवू लागलं की तुमचं बाळ आता लिंबाएवढं झालं, वजनदार वस्तू उचलू नका. जावेनं त्या दिवसापासून पाण्याची घागर दिरांकडं दिली. दिरांच्या स्वतःच्या मोबाइलवरही हाच निरोप, तेव्हा त्यांना नाही म्हणायला तोंड नव्हतं. मग मोबाइलवर कुठंही जा, यूट्यूबवर भजन लावा की बातम्या बघा, तिथं टोपडी आणि पाळणे. एकदा दार उघडलेल्या माणसाच्या मागं असं फिरत राहायचं, त्याला रिटार्गेटिंग म्हणतात, हे मी वस्तीला समजावून सांगितलं. वस्ती म्हणाली, समजलं, आता हे काढायचं कसं तेवढं सांगा. एकेकीनं अॅप काढून टाकलं. माझ्या मते जेवून उठल्या, रीत झाली.

पुण्यात वेगळंच दिसलं. एका खेड्याच्या पिन कोडवरून एकाच दुपारी ढीगभर इन्स्टॉल, सगळ्यांच्या बाळंतपणाची तारीख एक, आणि लगेच सगळे गायब. असं माणसं वागत नाहीत, मशीन वागतं. खोटे क्लिक करणारी अशी मशीनं असतात म्हणे, त्यांना बॉट म्हणतात. आणि ज्या गावात हे झालं तिथंच जाहिरात लावणारी मुलगी राहते, मग संशय कुणावर येणार? पोरीनं स्वतःचे आकडे फुगवायला हे केलं. ज्याची जाहिरात, त्याला प्रत्येक दाबण्याचे पैसे पडतात, तो गप्प बसणार नव्हता. नातीला तिच्या वरच्या मॅडमनी सांगितलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत लेखी खुलासा दे.

नात खाली आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "आज्जी, तू काय केलं?"

मी सांगितलं. सगळं, चहासकट. तिनं डोकं धरलं. मग म्हणाली की एक वाट आहे. बाहेरच्या कुणीतरी बॉट लावले असं लिहायचं. असं होतं, कंपनीला माहीत असतं. आपला पिन कोड कायमचा वगळायच्या यादीत टाकायचा, की त्या कंपनीची कुठलीच जाहिरात आपल्याकडं दिसणार नाही. विषय संपेल आणि नोकरी राहील.

मी विचारलं, म्हणजे मी मशीन?

ती म्हणाली, कागदावर गं.

कागदावर. माझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली ती माणूस म्हणून मोजलं जावं म्हणून. गावाच्या पंगतीत आम्हाला आवतन नसायचं, आणि असलंच तर लांबून हाळी देऊन, बाकीचे जेवून उठल्यावर. ते सगळं मागं टाकून आम्ही इथवर आलो, शाळा शिकलो, मी गावातल्या सगळ्या आळ्यांची पोरं शिकवली. आता माझी स्वतःची नात, माझ्याच माडीवर बसून, आपल्या हातानं लिहिणार की आज्जी मशीन होती आणि आमची वस्ती यादीतून वगळा. मी तिला म्हटलं, नोकरी गेली तरी चालंल, हे लिहायचं न्हाई. आणि जिभेवरून शब्द सुटल्यावर मला कळलं की नोकरी गेली तर शहागडला जाणारी ती आहे, मी नाही. माझं काय जातंय बोलायला.

तिनंही तेच म्हटलं, जरा कमी शब्दांत. मग उठून वर गेली.

सकाळी मी आंघोळ करून, इस्त्रीचं लुगडं नेसून वर गेले. तिनं काही लिहिलं नव्हतं. म्हणाली, हात चालला न्हाई. मी म्हटलं, मंग मॅडमला फोन लाव, तोंडानं सांगू. तिनं व्हिडिओ कॉल लावला. मॅडम माझ्या सुनेच्या वयाच्या, केस कापलेल्या, डोळ्यांखाली जागरण. आवाज कडक पण वाकडा नाही. नातीनं स्वतःच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, "मॅडम, हे बॉट नाहीत. ही माझी आज्जी आणि आमची वस्ती आहे. बॉट असं मी लिहिणार नाही."

मॅडमनी मला विचारलं, आजी, कुणी पैसे दिले होते का? मी म्हटलं, चहा दिला. तो पण मी, कंपनीनं न्हाई.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्यावर सगळं अडलं होतं. सगळ्यांची तारीख एकच कशी?

मी म्हटलं, "मॅडम, ती तारीख आम्हाला पाठ हाय. तुमच्या अॅपनं तारीख मागितली, आम्ही आमच्याजवळची सगळ्यात चांगली दिली."

मॅडमनी कॅलेंडर बघितलं असावं किंवा त्यांना बघायची गरज पडली नसावी, मला दिसलं नाही. मी बोलत राहिले. म्हटलं, क्लिक खरा, माणूस खरा, गरज तेवढी खोटी. तिची शिक्षा मला द्या. माझ्या पोरीनं एक बोटसुद्धा लावलं न्हाई. पाहिजे तर खाली सगळ्या बसल्यात, एकेकीला वर बोलावते, पण जाऊला जिना चढायला वेळ लागंल, ती अजून कागदोपत्री पोटुशी हाय.

मॅडम हसल्या, पण हसल्या म्हणून सोडलं नाही. त्यांनी नातीला सांगितलं, जे झालं ते असंच लिही, तुझं नाव घालून. लेखी ताकीद मिळेल. झालेलं नुकसान कंपनी त्या अॅपवाल्याला भरून देईल आणि पुढचं काम तू एकटीनं नाही, दुसऱ्या कुणाबरोबर करायचं. आणि या जाहिरातीपुरता तुमचा पिन कोड वगळावा लागेल.

वगळणं हा शब्द ऐकला आणि मी पुन्हा तोंड घातलं. नातीनं माझा पदर ओढला. मी विचारलं, किती दिवस? त्या म्हणाल्या, हे काम संपेपर्यंत. मी विचारलं, आणि मग? त्या म्हणाल्या, मग नाही, आजी. मी म्हटलं, हे पण तिला लिहायला सांगा. त्यांनी सांगितलं, आणि नातीनं माझ्यासमोर तेही लिहिलं.

पिन कोड काही वस्तीपुरता नसतो. पिन कोडात अख्खं गाव येतं, वेशीच्या आतलं, बाहेरचं, देशमुखांची गल्ली, मारुतीचा पार, सगळं. तेवढे दिवस बाळांच्या दुपट्यांची जाहिरात गावात कुणालाच दिसली नाही. आमच्यामुळं सगळं गाव वगळलं गेलं, हे आमच्या इतिहासात पहिल्यांदाच झालं. हे मी पारावर बसलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला मुद्दाम थांबून सांगितलं. तो म्हणाला, बाई, तुम्ही अजून तशाच. मी म्हटलं, न्हाई, आधी मी गरीब होते.

मुलाला संध्याकाळी सगळं कळलं. ताकीद मिळाली म्हणजे काढल्यासारखंच की, असं तो म्हणून बघू लागला. सून, जी या सगळ्यात एक शब्द बोलली नव्हती, ती ताटं मांडता मांडता म्हणाली की अडत्यानं तुम्हाला आजवर कितींदा ताकीद दिली, आम्ही कधी म्हटलं का काढलं म्हणून? मुलानं भुवईवरचा कापूस पुसला आणि पानावर बसला.

शब्द दिला होता तो त्याला पाळावा लागला. मला त्याचं एवढं आवडतं की शब्दाला तो पक्का आहे. पण शहागडला नकार कळवायचा धीर त्याला होईना. तो फोन टाळत राहिला. एका बुधवारी तिकडूनच फोन आला, नवऱ्या मुलाच्या काकांचा, आणि तो मी उचलला. काका गोड बोलले. म्हणाले, आज दुपारी आम्ही परतूरला येऊन राह्यलोत, तर मुलीला बघून जाऊ, तयार ठेवा.

वरून नातीचा आवाज येत होता, ती कुणाला तरी सांगत होती की या जाहिरातीचा सीटीआर चांगला आहे पण लोक पुढं थांबत का नाहीत ते बघू.

मी म्हटलं, "दुपारी तिची मीटिंग हाय. कामाच्या टायमात पाहुणे घेत न्हाई आम्ही."

काका म्हणाले, लग्नानंतर तर ते सोडायचंच हाय ना.

मी म्हटलं, "मंग तुम्ही आवतनच चुकीच्या दारात दिलं, दादा." आणि त्यांना चहा-पाण्याला कधीही या, असं सांगून फोन ठेवला. मुलगा दारात उभा होता, सगळं ऐकत. मी त्याला म्हटलं, सांगितलं मी, आता तू मोंढ्यात जा. तो गेला. जाताना त्यानं जिन्याखाली उभं राहून वर आवाज दिला आणि लेकीला विचारलं की येताना तिला परतूरहून काही आणायचं का. तिनं वरूनच सांगितलं, हेडफोन. तो मला विचारू लागला, ते कोणत्या दुकानात मिळतं. मी म्हटलं, तिलाच विचार, पण मीटिंग झाल्यावर.